हॉटेलातल्या नोकरीची मुलाखत: 'अ‍ॅटिट्यूड' बघतात म्हणजे नेमकं काय बघतात?

लॉबीतला_माणूस

मे-जून उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "भाचीने हॉटेल मॅनेजमेंट केलंय, इंटरव्ह्यूला काय विचारतात?" "पोरगं हुशार आहे हो, मार्क चांगले आहेत, तरी सगळीकडून नकार येतोय, असं का?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. मुंबई आणि गोव्यात फ्रंट ऑफिसला बरीच वर्षं काढली, सध्या पुण्यात एका हॉटेलच्या भरतीच्या टेबलामागे बसतो. टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

सुरुवातीच्या जागांसाठी (स्टुअर्ड म्हणजे वाढपी, रूम अटेंडंट, फ्रंट ऑफिस असिस्टंट, कॉमी थर्ड म्हणजे किचनमधला सगळ्यात ज्युनियर स्वयंपाकी) आम्ही कौशल्य फारसं बघत नाही. ट्रे कसा धरायचा, बेडशीटचे कोपरे कसे मारायचे, चेक-इन कसं करायचं, हे सगळं शिकवता येतं. उलट दुसरीकडचं शिकून आलेला असला तर ते आधी विसरायला लावावं लागतं. समोरचा माणूस विनाकारण आवाज चढवतोय, अशा वेळी तुमचा चेहरा आणि आवाज कसा राहतो, हे मात्र सहा महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये कुणाला शिकवता येत नाही. म्हणून ते भरतीच्या वेळीच बघून घ्यायचं असतं.

आणि ते मुलाखतीच्या खोलीत कमी दिसतं. वॉक-इनला अकराची वेळ दिलेली असते आणि नंबर लागतो दुपारी तीनला. मुद्दाम कुणी ताटकळत ठेवत नाही, पण त्याच दिवशी बँक्वेटला साखरपुडा असतो, एफ अँड बी (खाणंपिणं विभागाचा) मॅनेजर खाली अडकलेला असतो. तोवर उमेदवार टाइम ऑफिसबाहेरच्या (स्टाफची हजेरी लागते तिथल्या) बाकड्यावर. संध्याकाळी यादी घेऊन बसलो की मी सिक्युरिटी सुपरवायझरला हमखास विचारतो, "आज काय म्हणत होती मंडळी?" तो सांगतो, "साहेब, निळा शर्ट दोनदा अंगावर आला, किती वेळ बसवणार म्हणून. ती चष्मेवाली पोरगी मात्र बाकीच्यांचे फॉर्म भरून देत होती, हिंदी वाचता न येणारा एक जण होता त्याचापण." निळ्या शर्टाची इंग्रजी उत्तम होती. नोकरी कुणाला मिळाली हे सांगायला नको.

आता खोलीतलं. मी एक प्रश्न बहुतेकांना विचारतो. रात्रीचे दोन वाजलेत, खोलीतला एसी बंद पडलाय, गेस्ट फोनवर ओरडतोय, तुम्ही एकटे ड्यूटीवर. काय कराल? बहुतेक जण तडक सांगतात, "रूम बदलून देईन." मी म्हणतो, हॉटेल फुल आहे. इथे गंमत सुरू होते. काही जण गप्प होतात. काही जण "मॅनेजरला उठवीन" म्हणतात. एकदा बीडकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, आधी मी स्वतः वर जाईन. फोनवर माणूस जास्त चिडतो. इंजिनियरिंगला सांगून जाईन, जाताना स्टोअरमधला उभा फॅन घेऊन जाईन. आणि किती वेळ लागेल ते सांगीन, तेवढ्या वेळाने परत जाईन, झालं नसलं तरी." हे शेवटचं 'झालं नसलं तरी' पुस्तकात नसतं. इंग्रजी त्याचं तुटकं होतं, फ्रंट ऑफिसला लगेच घेता आलं नाही. हाउसकीपिंगला घेतला आणि तो आनंदाने आला.

आणखी एक. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नावर "तिथे फार पॉलिटिक्स होतं" हे उत्तर देऊ नका. असेलही. पण ऐकणाऱ्याच्या मनात येतं की उद्या आमच्याबद्दलही हाच बाहेर हेच बोलणार.

२०११मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ताजवर एक लेख आला होता. २६/११च्या रात्री तिथले कर्मचारी पाहुण्यांना सोडून पळाले नाहीत, ते का, असा त्याचा विषय. त्यात त्यांच्या भरतीचं वर्णन आहे. माणसं शोधायला ते महानगरापेक्षा लहान शहरांत जातात, म्हणजे मुंबईऐवजी पुणे, दिल्लीऐवजी चंडीगड-डेहराडून. आणि उमेदवारात तीन गोष्टी बघतात: मोठ्यांबद्दल आदर, अडचणीतही टिकणारा आनंदी स्वभाव, आणि घराला त्या पगाराची गरज किती आहे. तिसऱ्या मुद्द्यावर इथे कुणीतरी मला धरणार याची खात्री आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

---

चहा_कमी_साखर

थांबा. अगत्यासाठी माणसं हवीत म्हणून मुंबई सोडून *पुण्याला* जातात, असं हार्वर्डने छापलंय? हे मी प्रिंट काढून आमच्या पेठेतल्या त्या काउंटरवर चिकटवणार आहे, जिथे 'सुट्टे पैसे देणाऱ्यास प्राधान्य. न देणाऱ्याने वाद घालू नये' अशी पाटी आहे.

---

लॉबीतला_माणूस

चिकटवा. पण ते काका स्वतःच मालक आहेत, त्यांना कुठे मुलाखत द्यायचीय!

---

सरळसोट

लेख चांगला आहे, पण एक शंका. मुलाखतीला सगळेच गोड बोलतात. क्लासवाले हल्ली स्माइलसुद्धा शिकवतात. दहा फुटांवर नजर मिळवा, पाच फुटांवर नमस्कार करा, वगैरे. मग नाटक कुठलं आणि खरं कुठलं, कसं ओळखणार? की तुम्हीपण दारात कागदाचा बोळा टाकून ठेवता आणि जो उचलेल त्याला नोकरी? :)

---

लॉबीतला_माणूस

बोळ्याची गोष्ट माझ्या वडिलांनीही मला सांगितली होती, फक्त त्यात बोळ्याच्या जागी झाडू होता. आमच्याकडे बोळा पडला तर हाउसकीपिंग सुपरवायझर उमेदवाराच्या आधी धावेल.

दहा-पाचचा नियम खरा आहे, बऱ्याच हॉटेलांत तो शिकवतात. आणि नाटक म्हणाल तर थोडं नाटक या धंद्यात लागतंच. रोज सकाळी सहाला कुणाला आपणहून हसू येतं? मला चालतं. फक्त ते आठ-नऊ तास टिकायला हवं, आणि गेस्टपुरतं नसावं. गेस्टसमोर गोड आणि भांडी घासणाऱ्या मावशींवर खेकसणारा माणूस मला नको. म्हणून मुलाखतीनंतर आम्ही उमेदवाराला एका शिफ्टपुरतं डिपार्टमेंटमध्ये फिरवतो, स्टाफ कॅफेटेरियात जेवायला बसवतो. ताट उचलून जागेवर ठेवतो की टेबलावर सोडून उठतो, एवढं पुरतं.

---

फोडणीवाला

लॉबीवाले साहेब, तुमच्या लॉबीत ठीक आहे. आमच्या किचनमध्ये कुणी विनाकारण हसत असला तर शेफ विचारतो, "काम संपलं वाटतं?" :D

पण मुद्दा पटतो, फक्त आमच्याकडे तो वेगळा दिसतो. ट्रेड टेस्टला कॉमीचं पोरगं येतं. मी पाच किलो कांदा देतो आणि बारीक चिरायला सांगतो. कापण्याचा वेग बघत नाही, तो येतो. मी बघतो, चॉपिंग बोर्डखाली ओला फडका घातला का. घातला नाही तर बोर्ड सरकतो आणि बोट जातं. हे पहिल्या सेमिस्टरला शिकवलेलं असतं. कुणी बघत नसताना ते करतो का, हा प्रश्न. मग बघतो, सालं कुठे टाकायची हे विचारतो की समोर ढीग करून ठेवतो. काम झाल्यावर बोर्ड पुसतो की "झालं शेफ" म्हणून हात बांधून उभा राहतो.

मागे एका मुलाची ग्रेव्ही तळाला लागली. ट्रायलमध्येच. मी लांबून बघत होतो. लागली की मुलं काय करतात, वरवरची काढून दुसऱ्या भांड्यात घालतात, वर क्रीम, वर कसुरी मेथी. वास लपत नाही, पण प्रयत्न करतात. हा सरळ आला, "शेफ, लागली. परत टाकू का? वीस मिनिटं लागतील." बास. बाकी त्याला जेमतेम येत होतं. घेतला.

किचनमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच. बिघडलं ते सांगायचं, आणि सांगताना पुढचं काय ते पण सांगायचं.

---

कामगारवाडा

धागा वाचतोय. धागाकर्त्याने स्वतःच जाळं टाकून ठेवलंय, तर पडतो त्यात.

'घराला पगाराची गरज किती आहे.' याचा सरळ मराठीत अर्थ, जो भांडणार नाही असा माणूस शोधा. आनंदी स्वभावाचा, मोठ्यांचं ऐकणारा आणि गरजू. यांना कर्मचारी हवाय की सून?

मी स्वतः बँक्वेटला काम केलंय. सीझनमध्ये बारा-चौदा तास. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी सात ते अकरा, मग घरी जा म्हणतात. घर डोंबिवलीला आणि हॉटेल अंधेरीला, कुठे जाणार? लॉकर रूममध्ये पुठ्ठा टाकून झोपायचं आणि संध्याकाळी सहाला परत उभं राहायचं. साप्ताहिक सुट्टी 'ऑक्युपन्सी हाय आहे', म्हणजे खोल्या भरल्यात, म्हणून रद्द. आणि ओव्हरटाइमचं विचारलं की ब्रिफिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकायचं, "तुझा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही."

सर्व्हिस चार्जचंही तेच. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात सक्तीने लावता येणार नाही. गिऱ्हाईक म्हणून मलाही ते पटलं. पण ज्या पोरांना भरतीच्या वेळी 'बेसिक कमी आहे, पण सर्व्हिस चार्ज धरून हातात बरं पडतं' असं सांगितलेलं असतं, त्यांची घट कोण भरून काढणार? तीसुद्धा हसत सोसायची का?

मुलांनी हसरं असावं, जरूर असावं. पण ऑफर लेटर वाचूनच.

---

लॉबीतला_माणूस

>> कर्मचारी हवाय की सून?

हे वाक्य मी आमच्या जनरल मॅनेजरना पाठवणार नाही, कारण मला नोकरी टिकवायचीय :)

कामगारवाडा, तुमच्या म्हणण्यातलं बरंचसं खरं आहे आणि मी ते डोळ्यांनी बघितलंय. पण 'गरज' या मुद्द्याला दुसरी बाजू आहे. ज्याला घरी पैसे पाठवायचेत तो तीन महिन्यांत 'हे माझ्यासाठी नाही' म्हणून सोडून जात नाही, आणि या धंद्यात गळती हीच सगळ्यांची डोकेदुखी. तरी मान्य करतो, गरज बघणारा मालक आणि गरजेचा फायदा घेणारा मालक बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे उमेदवाराने विचारावं. शिफ्ट किती तासांची, ब्रेक शिफ्ट आहे का, सुट्टी बुडली तर बदली सुट्टी मिळते का, हातात किती पडेल आणि त्यातलं पक्कं किती. मुलाखतीच्या शेवटी, नीट आवाजात. असं विचारणारा मला कधीही 'निगेटिव्ह' वाटलेला नाही. सगळ्याला 'यस सर' म्हणणारा मात्र पहिल्या दिवाळीला गायब होतो.

---

रिसेप्शनबाई

कामगारवाडा यांना +१००.

मी फ्रंट डेस्कला आहे, हसणं हा माझ्या युनिफॉर्मचाच भाग आहे म्हणा ना. नवीन मुलींसाठी लिहिते. हसरं असणं आणि सहन करणं यात पहिल्याच महिन्यात गल्लत होते. गेस्ट चेक-इन करताना फोन नंबर मागतो, "सायंकाळी किती वाजता सुटता?" विचारतो, आणि आपल्याला वाटतं की आता तोंड वाकडं केलं तर फीडबॅक फॉर्मवर आपलं नाव लिहील. मी तेच हसू ठेवून म्हणते, "सर, आपल्याला काही लागलं तर ड्यूटी मॅनेजर चोवीस तास असतात, नंबर किल्लीच्या पाकिटावर आहे." दुसऱ्यांदा झालं की लॉगबुकात लिहिते, वेळेसकट. तिसऱ्यांदा मी त्या डेस्कवर नसते, ड्यूटी मॅनेजर असतो.

२०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा फक्त सहकारी आणि साहेबांपुरता आहे असं मुलींना वाटतं. कामाच्या जागी जे जे लोक संपर्कात येतात त्यांच्यापासून सुरक्षितता देण्याची जबाबदारी त्यात मालकावर आहे, म्हणजे गेस्टही आला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं सहसा स्टाफ नोटिस बोर्डावर लावलेली असतात, पहिल्या दिवशी वाचून घ्या. आणि महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि ने-आणीची सोय लागते. मुलाखतीत "ड्रॉप मिळतो का?" हे विचारा, लाजू नका. समोरचा उत्तर देताना चुळबुळला तर तुम्हालाही त्याचा अ‍ॅटिट्यूड कळतो!

बाकी हे काम मला मनापासून आवडतं, हेही लिहायला हवं, नाहीतर मुली घाबरतील. दर वर्षी येणारे एक आजोबा आहेत. ते डेस्कवर आले की आधी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतात, चेक-इन नंतर.

---

नगरची_आई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझा मुलगा या वर्षी डिप्लोमा होऊन बाहेर पडला. स्वभावाने अबोल. कामाला वाघ आहे, घरी सुद्धा चार माणसं आली तर एकटा स्वयंपाक करतो, पण बोलायचं म्हटलं की मान खाली. दोन ठिकाणी "कॉन्फिडन्स कमी आहे" म्हणाले. आता तो स्वतःच म्हणतो की माझ्यात पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड नाही. हे ऐकून वाईट वाटतं.

त्यात घरचे. मोठे दीर परवा सगळ्यांसमोर म्हणाले, लोकांची उष्टी काढायला एवढी फी भरली का? तो काही बोलला नाही, ताट घेऊन उठला. अशाने कुठून येणार उत्साह?

---

फोडणीवाला

ताई, त्याला किचनला पाठवा. डोळे झाकून. अबोल आणि कामाला वाघ हे आमच्याकडे सर्टिफिकेट आहे. फक्त एक सवय लावा. शेफने काही सांगितलं की 'यस शेफ' मोठ्याने म्हणायचं, मागच्या बाजूला ऐकू जाईल इतकं. गरम भांडं घेऊन कुणाच्या मागून जाताना 'हॉट, बिहाइंड' ओरडायचं. तेवढं बोलता आलं की झालं, बाकीचं हात बोलतात.

मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की पाठ केलेलं नको. "घरी आलेल्या चार माणसांचा स्वयंपाक एकट्याने केलाय, त्यात भात कसा मोकळा ठेवला" हे सांगू दे. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना अबोल माणूसपण बोलतो.

---

लॉबीतला_माणूस

फोडणीवाल्यांशी सहमत, फक्त थोडी भर. अबोल असणं आणि मान खाली असणं वेगळं. शब्द कमी असले तरी चालतात, नजर मात्र लागते. घरी आरशासमोर काही करायला लावू नका, त्याने पोरं आणखी आखडतात. त्यापेक्षा रोज संध्याकाळी किराणा, दूध, गॅसवाला, बँक, जिथे जिथे अनोळखी माणसाशी बोलावं लागतं तिथे त्याला धाडा. महिन्याभरात फरक दिसतो, आमचे ट्रेनी बघून सांगतो.

आणि "माझ्यात अ‍ॅटिट्यूड नाही" हे त्याच्या डोक्यातून काढा. दीरांचं बोलणं ऐकून उलट उत्तर न देता उठून गेला ना? आमच्या टेबलावर रोज असे दीर जेवायला येतात.

---

वाळूतलं_घर

आमचं तारकर्लीजवळ छोटं होमस्टे आहे. वरचा 'उष्टी'वाला मुद्दा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

कोकणात हीच अडचण. पर्यटन वाढलं, स्कूबा आलं, दर शनिवारी-रविवारी पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची रांग. पण वाढप्याचं काम करायला गावातला पोरगा मिळत नाही. "लोकांची उष्टी काढूक शिकलंस काय रे?" हे आमच्याकडेही घरोघरी. मुंबईला जाऊन कुरियर टाकायला तयार, गावात ताट उचलायला नाही. मग नेपाळी, ओडिशाची, बंगालची पोरं येतात, आणि आम्ही बोंबलतो की बाहेरचे आले. अहो, तेच काम गोव्यात जाऊन केलं की घरी अभिमानाने सांगतात, 'आमचो झील रिसॉर्टात आसा'.

आमच्याकडे बारावीनंतर कसलाही कोर्स न केलेला एक गावचा मुलगा राहिला. पहिल्याच आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब आलं, सगळे मासेखाऊ आणि सोबत आजी कट्टर शाकाहारी. बुकिंग करताना कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाची वेळ, किचनमध्ये सुरमई, कोळंबी, तिसऱ्यांचं सुकं. मी डोक्याला हात लावला. हा पोरगा सायकल काढून मामीकडे गेला आणि डबाभर काळ्या वाटाण्याचं सांबारं घेऊन आला, वर घावणे. आजी जेवल्या, दुसऱ्या दिवशीही तेच मागितलं. आता ते आमच्या मेन्यूवर आहे आणि मामीला दर प्लेटमागे पैसे जातात.

माझ्याकडे कुणी नोकरी मागायला आलं की मी एवढंच विचारतो, "पावण्याक आवडणारा आणि आपल्याकडे नसणारा असा काय असला, तर तू काय करशील?" नाही म्हणून सांगीन, असं म्हणणारा माझ्या कामाचा नाही. काहीही करून आणीन म्हणणारा त्याहून धोक्याचा! कुठे मिळेल ते बघून सांगतो म्हणणारा मला हवा.

---

पाचवा_डेक

क्रूझवर आहे, सध्या सुट्टीवर घरी. आमच्याकडची मुलाखत थोडी वेगळी असते म्हणून लिहितो.

तिथे 'पॉझिटिव्ह'पेक्षा 'माहीत असून तयार आहे का' हे तपासतात. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही, केबिन दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची, खिडकी नाही. "होमसिक झालास तर काय करशील?" हा प्रश्न पक्का. "मी कधी होमसिक होत नाही सर" म्हणणाऱ्याला ते घेत नाहीत, कारण तोच दुसऱ्या महिन्यात रडतो. "होईन, पण हॉस्टेलला होतो तेव्हा झालो होतो, तेव्हा अमुक केलं" असं काहीतरी खरं लागतं.

आणि कामगारवाडांच्या मुद्द्याला धरून. उत्साहाच्या भरात पैसे भरू नका. एमएलसी २००६ (मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन) या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. जहाजावरचा हॉटेल स्टाफही त्यात येतो. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंद-पुस्तक) यांचा खर्च आपला. एजंट 'प्रोसेसिंग'चे लाख-दीड लाख मागत असेल तर उठून या. डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या संकेतस्थळावर आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना असलेल्या कंपन्यांची यादी असते, त्यात नाव नसेल तर बोलणंच नको. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा नियमही त्याच करारातला आहे. सही करताना तासांच्या नोंदवहीवर डोळे उघडे ठेवा.

---

सरळसोट

म्हणजे थोडक्यात, गोड बोला पण डोळे उघडे ठेवा. हे तर लग्नालाही लागू आहे :)

बाकी ते 'ट्रायल शिफ्ट' प्रकरण. माझ्या पुतण्याला एका ठिकाणी दहा दिवस 'ट्रायल'वर राबवलं आणि मग जागा भरली म्हणाले. सीझन होता, काम करून घेतलं. हे कसं ओळखायचं?

---

कामगारवाडा

एक शिफ्ट ट्रायल समजू शकतो. दुसऱ्या दिवशी बोलावलं की विचारायचं, "आजचे पैसे रोजावर मिळणार का?" उत्तर गुळमुळीत आलं की समजून जायचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना, या दिवसांत ट्रायलवाल्यांचा सुळसुळाट असतो.

---

नगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला धागा वाचायला दिला. किचनचं त्याला पटलं. काळ्या वाटाण्याची पाककृती मिळेल का, असं त्याने विचारायला सांगितलंय.

माझ्या बहिणीचा मुलगा आठवीनंतर शाळेत गेला नाही, वय एकोणीस. त्याला अशा ठिकाणी काही करता येईल का? तो मात्र फार बोलका आहे, जरा जास्तच.

---

लॉबीतला_माणूस

येईल. पर्यटन मंत्रालयाची 'हुनर से रोजगार तक' ही योजना २००९-१०मध्ये सुरू झाली, स्वयंपाक आणि वाढपाचे काही आठवड्यांचे मोफत कोर्स. आठवी पास पुरतं. सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांमधून चालवतात. दादरची (१९५४ची, जिला आम्ही अजून दादर कॅटरिंगच म्हणतो) किंवा गोव्यात पर्वरीची, यांपैकी कुठे सध्या बॅच आहे का ते फोन न करता प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि विचारायला त्यालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका. आठवीचं मार्कशीट, आधार आणि फोटो सोबत.

जास्त बोलका असेल तर वाढपाला. टेबलावर किती बोलायचं ते कॅप्टन (वाढप्यांचा प्रमुख) पहिल्या आठवड्यात शिकवतो, जरा कडक शब्दांत.

---

वाळूतलं_घर

सांबाऱ्याची कृती आईला विचारून उद्या लिहितो. वाटाणे मात्र आदल्या रात्री भिजत घालायला सांगा, कुकरच्या शिट्ट्यांनी ते शिजत नाहीत नीट. आणि मुलाला मे महिन्यात वेळ असेल तर आमच्याकडे पाठवा, राहणं-जेवण आणि रोज. पहिल्या दिवसापासून रोज, ट्रायल नाही, कामगारवाडा ऐकतायत :)

---

चहा_कमी_साखर

मलापण पाठवा. मी बोलत नाही, हसतही नाही, पण तिसऱ्यांचं सुकं मी एकट्याने संपवू शकतो.